दीड मीटर चिखल

मित्रांनो, मी एक तैलचित्र आहे. रुंदीला दीड मीटर, उंचीला त्याहून थोडे कमी. माझे नाव 'ओहोटी'. माझ्यात राजा नाही, राणी नाही, फुलदाणी नाही आणि पवनचक्कीही नाही. डच चित्रात पवनचक्की नाही म्हटल्यावर बरेच लोक सरळ शेजारच्या चित्राकडे वळतात. माझ्यात आहे तो चिखल. वर करड्या आभाळाची पट्टी आणि उजव्या कडेला पिवळा रेनकोट घातलेली, पाठमोरी, डाव्या अंगाला किंचित वळून वाकलेली एक बाई. एवढेच. तरीही सांगते, मला माझा फार अभिमान आहे. का, ते ऐका.

माझा जन्म देशाच्या अगदी उत्तर टोकाला, होर्नवाल्ट नावाच्या गावात झाला. गावाला लागून मातीचा उंच बांध आहे आणि बांधापलीकडे समुद्र. तोही अर्धा वेळ समुद्र आणि अर्धा वेळ चिखल. पाणी ओसरले की नजर पोहोचेल तिथपर्यंत ओला, चमकणारा तळ उघडा पडतो. आफ्के डाइकेमा ही माझी चित्रकार. बटाटे साठवण्याच्या एका जुन्या कोठारात ती काम करी. तिने माझे जाडेभरडे कापड लाकडी चौकटीवर इतके ताणून ठोकले की टिचकी मारली तर ते ढोलकीसारखे वाजे. मग सरस, मग पांढरा थर. त्यानंतर कित्येक दिवस मी कोरेच भिंतीला टेकून उभे होते आणि आफ्के समोर स्टुलावर बसून माझ्याकडे नुसती बघत होती. कोरे असतानाही कोणी इतके बघितले, याचे मला तेव्हापासून अप्रूप आहे.

शेजारचा बेकरीवाला हार्म पाव द्यायला येई आणि दारातून डोकावे.

"आफ्के, काय चाललंय?"

"चिखल काढतेय."

"अगं, चिखल बघायचा तर बांधावर चढलं की फुकट दिसतो."

"चढतोस का कधी?"

"छे! तिथं बघायला आहे काय?"

"म्हणूनच काढतेय," आफ्के म्हणाली आणि त्याच्या हातातला पाव ओढून घेतला.

चिखल म्हणजे तपकिरी, असे ज्यांना वाटते त्यांनी मला एकदा जवळून पाहावे. माझ्यात जांभळा आहे, शेवाळी आहे, जस्ताच्या पत्र्याचा करडा आहे, शिंपल्याच्या पोटातला गुलाबीही आहे. आफ्के चपट्या सुरीने रंगाचे जाड थर देई, खरवडून काढी, पुन्हा देई. डाव्या बाजूला तर तिने बांधापलीकडून आणलेली मूठभर रेती रंगात कालवली. तिथे मी हाताला खरखरीत लागते. पण हात लावू नका.

मग तिने पिवळ्या रंगाची नवी नळी फोडली आणि ती बाई काढली.

ती बाई म्हणजे आफ्केची थोरली बहीण, रूल्फीन. गळाला लावण्यासाठी लोक समुद्रातले किडे विकत घेतात. रूल्फीन ओहोटीला चिखलात उतरून, दातेरी फावड्याने चिखल उपसून ते काढी. तिचा तोच धंदा होता. आफ्केने तिला चोरून, बांधावर बसून रेखाटले होते. चित्र पुरे होईपर्यंत तिला काही सांगायचे नाही, तिला चकित करायचे, असे तिने ठरवले होते.

चकित तर ती झालीच.

गावातल्या सभागृहात माझे पहिले प्रदर्शन भरले. सगळे गाव लोटले होते. कॉफी होती, केक होता, मोहरीच्या सॉसमध्ये बुडवून खायचे चीजचे चौकोनी तुकडे होते. आफ्केने माझ्यावरची चादर ओढली आणि क्षणभर शांतता झाली. मला वाटले, लोक भारावले. तेवढ्यात मागून हार्मचा आवाज आला.

"अरे, ही तर आपली रूल्फीन! पाठमोरी असली म्हणून काय झालं, मी लगेच ओळखली!"

"कशावरून ओळखलीस रे?" कोणीतरी विचारले.

"आता ते काय बोलून दाखवायचं?"

सभागृह हसून हसून लोळायला लागले. रूल्फीन पहिल्या रांगेत होती. सणासुदीचा निळा झगा घातलेला, हातात केकची बशी. ती उठली, बशी खुर्चीवर ठेवली आणि धाकट्या बहिणीसमोर जाऊन उभी राहिली.

"आफ्के, सगळं आयुष्य मी या गावात ताठ मानेनं काढलं. आणि तुला जगाला दाखवायला माझं ढुंगणच सापडलं?"

"रूल्फीन, तसं नाहीये ते. नीट बघ तरी."

"मी कशाला बघू? गाव बघतंय की!"

ती सायकलवर बसून निघून गेली. दुसऱ्या दिवशी राग जाईल, असे आफ्केला वाटले होते. तो वर्षानुवर्षे गेला नाही. आमच्याकडे वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडून बसायची पद्धत आहे. रूल्फीनच्या वाढदिवसाला त्या वर्तुळात आफ्केची खुर्ची मांडणे बंद झाले. एका गावात दोघी बहिणी. एक बांधावर असली की दुसरी बांधावर चढत नसे.

मला कोठारात ठेवणे आफ्केला जड जाऊ लागले. तिने मला ग्रोनिंगन शहरात, लुबर्टच्या चित्रांच्या दुकानात विकायला ठेवले. लुबर्ट मनाने वाईट नव्हता. सुरुवातीला त्याने मला काचेच्या दर्शनी खिडकीत लावले. मी छाती पुढे काढून उभे राहिले. येणारे जाणारे थांबत, बोलत.

"किती शांत आहे नाही?"

"शांत कसलं, उदास आहे."

"आपल्या सोफ्याशी जमणार नाही हं हे."

"याच्यात एखादी होडी असती तर घेतलं असतं."

ही होडी माझ्या राशीलाच लागली होती. लुबर्टनेही आफ्केला फोनवर सुचवून पाहिले. "एक छोटीशी पांढरी होडी टाक, कोपऱ्यात. आठवड्यात विकून देतो." आफ्के पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही, पण लुबर्टने फोन कानापासून चांगला हातभर दूर धरला होता. मला माझ्या चित्रकाराचा तेव्हा फार अभिमान वाटला.

पण अभिमानाने गिऱ्हाईक येत नाही. खिडकीतून मी आतल्या भिंतीवर गेले, तिथून मागच्या खोलीत आणि शेवटी कॉफीच्या यंत्राजवळ. त्या यंत्राची वाफ दिवसभर माझ्या आभाळावर येई. लोक माझ्याकडे पाठ करून कॉफी पीत आणि दुसऱ्या चित्रांविषयी बोलत. एकाने तर माझ्या चौकटीवर ओली छत्री अडकवली. मित्रांनो, कोणी नावे ठेवली तर वाईट वाटते. पण छत्री अडकवली की आपण चित्र आहोत हेच विसरायला होते. मी मनातल्या मनात माझे रंग मोजत राही, जांभळा, शेवाळी, गुलाबी, आणि स्वतःला सांगे, आहेत, सगळे आहेत.

मग एके दिवशी श्रीयुत टेरवील आले. तळ्याकाठी त्यांनी नवे घर बांधले होते आणि भिंतींसाठी चित्रे घेत फिरत होते. कॉफीचा कप घेताना त्यांची नजर माझ्या पिवळ्या रेनकोटवर पडली.

"हा पिवळा छान आहे! माझ्या पडद्यांसारखाच. पण चित्र फार लांब आहे हो. डावीकडे तर काहीच नाही, नुसता चिखल. तेवढा भाग कापून द्याल का?"

लुबर्ट गडबडला. "कापून? ते चित्रकाराला विचारावं लागेल."

"विचारा की. शनिवारी येतो."

लुबर्टने माझ्यासमोरच आफ्केला फोन लावला. मी निर्धास्त होते. होडीलाही नाही म्हणणारी बाई कापायला हो कशी म्हणेल? आता फोन चांगलाच दूर धरावा लागणार, असे मला वाटले. पण लुबर्टने तो कानालाच धरून ठेवला. थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "नक्की ना, आफ्के? बरं. मग खूण करून ठेवतो."

ती हो म्हणाली होती.

त्याने मला भिंतीवरून उतरवले आणि माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत पांढरी चिकटपट्टी लावली. पट्टीच्या उजवीकडे पिवळी बाई. डावीकडे माझा खरखरीत, जांभळा, रेतीचा चिखल, जो शनिवारी केराच्या टोपलीत जाणार होता. विकले गेलेले चित्र म्हणून त्याने मला पुन्हा दर्शनी खिडकीत ठेवले. इतक्या वर्षांनी मी खिडकीत परतले ते असे.

शनिवारी शहरात बाजार भरतो. सकाळची वेळ, मासळीवाले ओरडत होते. खिडकीसमोरून एक बाई गेली, थांबली आणि मागे आली. केस पांढरे झाले होते, पण ती उभी राहण्याची पद्धत मी कशी विसरेन? ती माझ्या अंगावर होती. रूल्फीनने काचेला नाक लावून मला पाहिले. पहिल्यांदाच नीट पाहिले. आधी त्या बाईला, मग आभाळाला, मग डावीकडच्या चिखलाला. मग तिला ती पट्टी दिसली. तिने दार ढकलले.

"ते पांढरं काय चिकटवलंय?"

"खूण आहे, बाई," लुबर्ट म्हणाला. तो तिला ओळखत नव्हता. "तिथून कापायचंय. गिऱ्हाइकाची भिंत लहान आहे. आणि तसंही डावीकडे काही नाहीये."

"काही नाही?" रूल्फीनचा आवाज चढला. "अहो, मी तिकडंच तर निघाले होते!"

लुबर्टने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिले. "बाई, जरा पाठमोऱ्या होता का?"

"मुळीच होणार नाही. मीच आहे ती."

त्याच वेळी दुकानाचे दार पुन्हा उघडले. कापण्यापूर्वी मला अखेरचे बघायला आफ्के आली होती. दोघी बहिणी समोरासमोर आल्या. लुबर्टला काही उमगले असावे. तो आपण होऊन कॉफीच्या यंत्राकडे गेला आणि यंत्र चालू न करताच तिथे उभा राहिला.

"तू कापायला हो म्हणालीस?" रूल्फीनने विचारले. इतक्या वर्षांतले पहिले वाक्य ते.

"तुला नकोच होतं ना हे चित्र?"

"मला नको होतं. पण काप म्हणून मी कधी सांगितलं?"

"कंटाळले मी, रूल्फीन. हे चित्र काढलं आणि बहीण गेली. आता अर्धं जाईना का. कुठंतरी जाऊ दे एकदाचं."

 रूल्फीन माझ्याजवळ आली. कोणी हात लावलेला मला आवडत नाही, पण तिने लावला नाही; बोट फक्त जवळ नेले.

"इथं पाय गुडघ्यापर्यंत जातो," ती म्हणाली. "ओलं चमकतंय तिथं. पलीकडं टणक आहे. मी या कडेनं निघाले होते बघ." मग एकदम वळून तिने विचारले, "माझा चेहरा का नाही काढलास?"

बहुधा हाच प्रश्न तिला त्या दिवशी सभागृहात विचारायचा होता.

"चेहरा?" आफ्के म्हणाली. "आई गेल्यावर तू मला घेऊन चिखलात उतरायचीस. मी केवढीशी! माझ्या पावलावर पाऊल टाक, इकडंतिकडं बघू नकोस, म्हणायचीस. सगळं बालपण मी तुझ्या मागून चालले. रुतले की तुझ्याकडं बघायचे. घाबरले की तुझ्याकडं बघायचे. तुझा चेहरा मला आठवून काढावा लागला असता, रूल्फीन. तुझी पाठ मला पाठ आहे."

रूल्फीनने खिशातून रुमाल काढला आणि मोठ्याने नाक शिंकरले. "हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तू सायकलवर बसलीस!"

"मग धावायचंस मागून! तेवढी तरी सवय होती ना तुला?"

आफ्केला हसू आले आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. रूल्फीनने तिला कुशीत घेतले नाही. आमच्याकडच्या बायका भर दुकानात असले काही करत नाहीत. तिने फक्त बहिणीच्या कोटाची उलटी झालेली कॉलर सरळ केली आणि ती सरळ झाल्यावरही बराच वेळ सरळ करत राहिली.

तेवढ्यात श्रीयुत टेरवील आले, सोबत कापणारा सुतार घेऊन.

"चित्र कापायचं नाही," रूल्फीनने त्यांना दारातच सांगितले.

"आपण कोण?"

"चित्रातली बाई."

टेरवील लुबर्टकडे वळले. लुबर्टने मान डोलावली. "बरं बरं," टेरवील म्हणाले, "मग अख्खंच घेतो. डावीकडचा भाग कपाटाच्या मागे जाईल, एवढंच."

"मग कपाटाच्या मागं तुम्ही जाऊन बसा," रूल्फीन म्हणाली. "कपाटामागं राहायला हे चित्र काढलेलं नाही."

सुताराला हसू आवरेना. टेरवील तावातावाने निघून गेले. आफ्के कपाळाला हात लावून उभी होती आणि मी, मित्रांनो, माझ्या चौकटीत मावत नव्हते. ज्या बाईने मला एकदाही धड पाहिले नव्हते, तीच आज माझ्यासाठी दारात आडवी उभी राहिली होती.

चिकटपट्टी काढताना रंगाचा एक पापुद्रा निघाला. आफ्केने घरून पेटी आणली, बारीक कुंचल्याने तेवढीच जागा भरली. रूल्फीन शेजारी दिवा धरून उभी होती. "जरा जांभळा टाक," ती म्हणे. "टाकते गं," आफ्के म्हणे. "भारी चोखंदळ डोळे आहेत तुझे." तो डाग आता कोणाला दिसणार नाही. मला मात्र माझी ती जागा सर्वांत आवडते.

त्यानंतर दर शनिवारी रूल्फीन बाजारातून येऊन लुबर्टच्या दुकानात माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागली. गिऱ्हाईक आले की मुलगी द्यायला बसल्यासारखी चौकशी करी. कुठे लावणार? ऊन येते का? खाली शेगडी तर नाही ना? घरात कोण कोण असते? चित्रातली बाई तिथे कशासाठी वाकली आहे, धरणीमातेला नमस्कार करतेय का, असे एका बाईंनी भारावून विचारले, तेव्हा रूल्फीन म्हणाली, "किडे काढतेय." त्या बाई गेल्या. लुबर्ट रडकुंडीला आला. "अशानं माझं दुकान बंद पडेल," तो आफ्केकडे तक्रार करी. आफ्के म्हणे, "तूच सांग तिला. मी नाही सांगणार. आत्ता कुठं बोलायला लागलीय."

अशाच एका शनिवारी गुरांची डॉक्टर फेन्ना मुल्डर दुकानात आली. पावसापुरती आडोशाला आली होती. पायात गोठ्यातले रबरी बूट, बाही कोपरापर्यंत ओली. ती माझ्यासमोर थांबली. पाऊस थांबला तरी हलेना. रूल्फीनलाच अखेर राहवले नाही.

"काय बघताय एवढं?"

"त्या बाईंची पाठ दुखत होती का हो तेव्हा?" फेन्नाने विचारले. तिला समोर कोण बसले आहे याची कल्पना नव्हती. "मीही दिवसभर अशीच वाकलेली असते. वासरू अडलं की तासन्‌तास. पण वाकलेल्या माणसाचं चित्र इतकं ऐटीत कोणी काढलेलं मी पाहिलं नव्हतं."

रूल्फीन खुर्चीतून उठली. ऊन विचारले नाही, शेगडी विचारली नाही.

"पाठ रोज दुखायची," ती म्हणाली. "त्या दिवशी मात्र नव्हती दुखत. हवा छान होती. लुबर्ट, कागद आण, चित्र गुंडाळ."

मला घेऊन जायचे त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. फेन्नाच्या गाडीत मी मावेना. घर कालव्यापलीकडेच होते, म्हणून दोघी बहिणींनी मला दोन्ही टोकांना धरले आणि पायीच निघाल्या. पुलावर वारा माझ्यात भरला आणि मी शिडासारखे फुगले.

"सोडू नकोस!" रूल्फीन पुढून ओरडली.

"तू सोडू नकोस! मला तर तू दिसतही नाहीयेस!"

"आडवं धर! आफ्के, आडवं!"

पुलावरून जाणारे सायकलवाले उतरून बघू लागले. दोन पिकलेल्या केसांच्या बायका, एकमेकींवर खेकसत, हसत, खेकड्यासारख्या तिरप्या चालत होत्या आणि त्यांच्यामध्ये मी होते. मला कोणी विचारले असते की तुझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान कोणता, तर मी खिडकीचे नाव घेतले नसते. त्या पुलाचे घेतले असते.

आता मी फेन्नाच्या जेवणघरात आहे. माझ्यासाठी तिने भिंतीवरचे कपाट दुसऱ्या खोलीत हलवले. माझ्यावर ऊन येत नाही, खाली शेगडी नाही. कोरड्या मऊ कुंचल्याने ती माझी धूळ झटकते. ओले फडके कधी लावत नाही. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, इथेही खुर्च्या गोल मांडल्या जातात. त्यात दोन खुर्च्या आफ्के आणि रूल्फीनच्या असतात आणि त्या शेजारीशेजारी असतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, आजोळी एखादे चित्र भिंतीवर असेल. त्याला ऊन, ओल आणि धूर यांपासून जपा. त्याच्या चौकटीला छत्री, पिशवी, टोपी काही अडकवू नका. पण एवढ्यानेच चित्र जगत नाही. ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते चित्र काळजी घेऊनही हळूहळू भिंत होऊन जाते. फेन्ना रोज सकाळी बूट चढवण्यापूर्वी कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर उभी राहते.  कॉफी संपेपर्यंत बघते आणि कामाला जाते. तुम्हीही आज तुमच्या चित्रासमोर तेवढा वेळ उभे राहा. ते तुमचीच वाट बघत असेल.